एकाच झाडाचे तीन कायदे

धर्माबादच्या बाजारात मिरची घेणारा एक मिरची मोडतो, हुंगतो, ठसका लागला की भावावर येतो. मालच बोलतो, कागद लागत नाही. भांगेच्या झाडाचं औषध मात्र कुरिअरने दारात आलं, तर हुंगून काहीच कळणार नाही. तिथे कागदच बोलतो.

गंमत बघा. झाड एक, पण कायद्याने त्याचे तुकडे केलेत. 1985च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. 20 किलोपेक्षा जास्त सापडला तर किमान दहा वर्षं आत. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्या व्याख्येतून बाहेर! हे वनस्पतीलाही धरूनच आहे. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर चिकट, डिंकाळ ग्रंथींची लव असते आणि नशेचं द्रव्य मुख्यतः तिथेच तयार होतं. पानात ते कमी, बीच्या आत जवळपास नाहीच. म्हणून 2021 साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बी चक्क खाद्यपदार्थ मानलं. कुमाऊंत त्याची चटणी पिढ्यान्‌पिढ्या वाटली जाते.

आपल्याकडे मात्र एक पाचर आहे. 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात परवान्याशिवाय भांग, म्हणजे ही पानं, बाळगणंही गुन्हा आहे. आणि याच महाराष्ट्रात, नगर जिल्ह्यात, इंग्रजी अमलात परवान्याने गांजा पिकायचा!

उरली पानाची औषधं. आयुर्वेदात या झाडाला ‘विजया’ म्हणतात. मुंबईत 2013 साली काही तरुणांनी ‘बॉम्बे हेम्प कंपनी’ काढली. पुढे रतन टाटांनीही तिच्यात पैसे घातले. विजयाच्या औषधांच्या धंद्यात गिऱ्हाईक फोन करतं ते भाव विचारायला कमी आणि ‘पोलीस धरतील का?’, ‘डोकं गरगरेल का?’ हे विचारायला जास्त, असं मला वाटतं. त्याला न हसता, न घाबरवता उत्तर देणं, वैद्याची चिठ्ठी मागणं आणि ती नसेल तर आलेली ऑर्डर परत पाठवणं, ही इथली खरी सेवा. पैसे घेऊन येणाऱ्याला ‘नाही’ म्हणायला दुकानदाराची छाती लागते.

औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत भांग आहे, ‘बिया वगळून’ अशा शेऱ्यासह. म्हणून पोटात घ्यायच्या अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ ही सूचना छापावीच लागते. पार्सल आलं तर आधी ती ओळ शोधा, आणि चिठ्ठी न मागणाऱ्याकडून काही घेऊ नका.