बोर्डावर ‘आंतरराष्ट्रीय’, पण गिऱ्हाईक कधी?

व्हिडिओखाली एक प्रश्न सारखा येतो: “सर, आपल्या राजुऱ्यात मूर्तीला विमानतळ होणार म्हणतात. कर्ज काढून रोडवर आत्ताच गाळा घेऊ का?” उत्तराआधी जरा अंदमान बघू.

चेन्नईहून तिथं जहाजाने साधारण तीन दिवस लागतात, विमानाने सव्वादोन तास. म्हणजे तिथल्या हॉटेलवाल्याचं, टॅक्सीवाल्याचं बहुतेक गिऱ्हाईक विमानातूनच उतरतं. पोर्ट ब्लेअरच्या विमानतळाला २००२ मध्ये वीर सावरकरांचं नाव मिळालं. बोर्डावर ‘आंतरराष्ट्रीय’ आलं. १८ जुलै २०२३ ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. खर्च सुमारे ७१० कोटी, क्षमता वर्षाला ५० लाख प्रवासी. आणि परदेशातून वेळापत्रकातलं पहिलं विमान, क्वालालंपूरहून, उतरलं ते १६ नोव्हेंबर २०२४ ला! तोवर धंदा चालला तो चेन्नई-कोलकात्याहून येणाऱ्या आपल्याच पर्यटकांवर.

बघा, बोर्ड, इमारत आणि गिऱ्हाईक, तिघांच्या तारखा वेगळ्या. बँकेचा हप्ता मात्र पुढच्याच महिन्यात सुरू होतो.

म्हणून गाळा घेण्याआधी तीन दिवस तिथं उभे राहा, त्यात एक बाजाराचा दिवस धरा. किती माणसं थांबतात, काय घेतात, वहीत लिहा. खाणीतले कामगार, सिमेंट कारखान्याचे ट्रकवाले, एसटीचे प्रवासी, जे आज दिसतात तेच मोजा. त्यांच्यावर भाडं आणि हप्ता निघत असेल तर बिनधास्त घ्या. विमानतळ झालाच, तर तो बोनस समजा.