हायड्रोजन साठवणार कशात आणि कुणासाठी?

भूम तालुक्याच्या माळावर पवनचक्क्या फिरतात. बालाघाटच्या डोंगरावरचा वारा पकडून वीज तयार होते आणि तारांतून दूर निघून जाते. खाली याच तालुक्यात खव्याच्या भट्ट्या लाकडावर पेटतात आणि कढईत तासन् तास दूध आटवणाऱ्यांच्या डोळ्यांत धूर जातो. डोक्यावर स्वच्छ ऊर्जा आणि भट्टीत लाकूड, असा हा न्याय आहे! म्हणून ऊर्जेचा विषय तज्ज्ञांचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

वारा माणसाच्या सोयीने वाहत नाही आणि सूर्य रात्री उगवत नाही. तेव्हा वीज साठवायची कशी, हा प्रश्न येतोच. त्यावरचे एक उत्तर म्हणजे हायड्रोजन. जादा विजेने पाण्याचे विघटन करायचे, त्यातला हायड्रोजन वेगळा काढायचा आणि गरज पडेल तेव्हा फ्युएल सेलमध्ये त्याचा प्राणवायूशी संयोग घडवून पुन्हा वीज मिळवायची. यात धूर निघत नाही, उरते ते पाणी. केंद्र सरकारने 4 जानेवारी 2023 रोजी 19,744 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट ठेवले. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्रानेही आपले धोरण जाहीर केले.

घोषणा सोपी असते, साठवण अवघड असते. एक किलो हायड्रोजनमध्ये एक किलो पेट्रोलच्या जवळपास तिप्पट ऊर्जा आहे. पण हा वायू इतका हलका की साध्या हवामानात एका किलोला सुमारे 12 हजार लिटर जागा लागते. टाकीत भरायचा तर हवेच्या दाबाच्या 700 पट दाब द्यावा लागतो. द्रव करायचा तर उणे 253 अंशांपर्यंत थंड करावा लागतो. दोन्ही गोष्टी खर्चिक आहेत आणि त्यांतच बरीच ऊर्जा खर्ची पडते.

यावर रसायनशास्त्रज्ञांनी दुसरी वाट शोधली. आपल्या भागातले उदाहरण घ्या. तोडलेला ऊस ठेवला तर वाळतो, त्याचा गूळ केला तर वर्षभर टिकतो. तसा हायड्रोजन वायू म्हणून न ठेवता दुसऱ्या मूलद्रव्यांशी बांधून ठेवायचा आणि हवा तेव्हा उष्णता देऊन सोडवून घ्यायचा. यालाच रासायनिक साठवण म्हणतात. अमोनिया बोरेन हा असाच एक पांढरा घन पदार्थ. त्याच्या वजनाचा 19.6 टक्के भाग निव्वळ हायड्रोजन असतो आणि शंभर अंशांच्या आसपास तो सुटू लागतो.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात रिचलंड येथे पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तेथील शास्त्रज्ञांनी 2005 साली अमोनिया बोरेन सिलिकाच्या अतिसूक्ष्म छिद्रांत भरून पाहिले, तेव्हा हायड्रोजन कमी तापमानाला सुटला आणि नको असलेली उपद्रवी वाफही कमी झाली. याच प्रयोगशाळेत अभिजित करकमकर या मराठी आडनावाच्या शास्त्रज्ञाने अनेक वर्षे या विषयावर काम केले. त्यांनी सहकाऱ्यांसह 2009 साली अमोनियम बोरोहायड्राइडचा अभ्यास प्रसिद्ध केला. या पदार्थात वजनाच्या 24 टक्क्यांहून अधिक हायड्रोजन आहे. पण साध्या तापमानाला तो काही तासांतच मोडू लागतो. अमोनिया बोरेन टिकतो, तर त्याची अडचण वेगळी. हायड्रोजन निघून गेल्यावर उरलेल्या पदार्थात पुन्हा थेट हायड्रोजन भरता येत नाही. तो कारखान्यात नेऊन, दुसरी रसायने वापरून, मोठा खर्च करून पूर्ववत करावा लागतो. विज्ञान असे एकेक पाऊल टाकत जाते. अडचण लपवून चमत्कार सांगणारे ते बुवा, अडचण मोजून दाखवणारे ते शास्त्रज्ञ, हा फरक आपल्या समाजाला वेगळा सांगायला नको.

आता आपले प्रश्न. पहिला पाण्याचा. एक किलो हायड्रोजनसाठी किमान नऊ लिटर शुद्ध पाणी फोडावे लागते. 50 लाख टनांचा हिशेब केला तर वर्षाला 4,500 कोटी लिटर होतात. हे पाणी कुठून येणार? टँकरची वाट पाहणाऱ्या भूमसारख्या तालुक्याच्या वाट्यातून तर नाही ना?

दुसरा जमिनीचा. माळरान ओसाड आहे, असे कागदावर लिहिणे सोपे असते. त्याच गायरानावर भूमिहीन दलित, भटके पिढ्यान्‌पिढ्या कसतात. त्याच जमिनीसाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1964 साली हजारोंनी तुरुंग भरले. स्वच्छ ऊर्जेच्या नावाने ती जमीन हातची गेली, तर त्या ऊर्जेला स्वच्छ कसे म्हणायचे?

तिसरा कामगाराचा. आज हायड्रोजन वाहून नेण्यासाठी अमोनियाचाही विचार होतो आहे. त्यात 17.6 टक्के हायड्रोजन असतो, पण तो विषारी आहे. हायड्रोजन स्वतः चटकन पेट घेतो. उद्या या टाक्या धुवायला आत कोण उतरणार? या देशात टाकीत कोण उतरतो, हे आम्ही सांगायला हवे काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते आणि विजेचे खातेही त्यांच्याकडेच होते. 25 ऑक्टोबर 1943 च्या भाषणात त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची मांडणी होती. मजूर आणि वीज ही दोन खाती एका माणसाच्या टेबलावर होती, याचा अर्थ आजच्या राज्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा.

म्हणून हायड्रोजनला आमचा विरोध नाही. उलट तो लवकर यावा, पण अटींसह यावा. पिण्याचे पाणी आधी, कारखान्याचे नंतर. गायरान कसणाऱ्याचे नाव आधी सातबाऱ्यावर, करार नंतर. ज्या माळावर वीज तयार होते त्या गावाला तिचा पहिला वाटा, म्हणजे खव्याच्या भट्टीचाही धूर थांबेल. आणि जोखमीचे काम ठेकेदाराच्या माणसावर न ढकलता प्रशिक्षित, कायम कामगाराकडे.

एक सांगणे मात्र आपल्याच घराला आहे. आपली मुले स्पर्धा परीक्षांच्या रांगेत वर्षानुवर्षे उभी आहेत. त्यांतली काही रसायनशास्त्राकडे, पदार्थविज्ञानाकडे वळली पाहिजेत. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. त्यांचा उपयोग या शास्त्रांसाठीही व्हावा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत फ्युएल सेलवर काम चालते. 2022 साली पुण्यात देशी हायड्रोजन बस दाखवली गेली. भूमहून पुणे फार लांब नाही. तालुक्याच्या महाविद्यालयातली प्रयोगशाळा कुलूपबंद आहे की चालू, हे पालकांनी एकदा जाऊन पाहावे आणि कुलूप असेल तर जाब विचारावा.

शोध लागतील तेव्हा ते वापरणाऱ्यांत आपण असूच. ते लावणाऱ्यांत आणि त्यांचे नियम ठरवणाऱ्यांत आपण असणार की नाही, हे आजच ठरवावे लागेल.