काच, पोलाद आणि इशीचा बाण

पेटीच्या समोरासमोरच्या दोन बाजू हरणाच्या ताज्या कातड्याच्या, ताणून ठोकलेल्या. आत गुरांचे यकृत भरलेले. हाडे सोडली तर जनावराच्या देहाची ही नक्कलच. दहा यार्डांवरून, कमी ताकदीच्या धनुष्याने, तिच्यावर दोन बाण सोडले गेले. आकार, वजन, पिसे सारखी आणि दोन्ही एकाच माणसाने घडवलेले. फरक फक्त टोकाला होता. एकाला पोलादाचा फाळ, दुसऱ्याला ऑब्सिडियनचा, म्हणजे ज्वालामुखीतून निघणाऱ्या काळ्या काचेचा. पोलादी बाण २२ इंच आत गेला, काचेचा ३० इंच. पुन्हा पुन्हा सोडून पाहिले, आकडे तेच राहिले.

ही परीक्षा घेणारे डॉ. सॅक्स्टन पोप हे सॅन फ्रान्सिस्कोत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सक होते. बाण घडवणारा इशी हा 'याही' नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींतून वाचलेल्या मूठभर आप्तांबरोबर तो वर्षानुवर्षे डोंगरात लपून राहिला आणि सगळे गेल्यावर, ऑगस्ट १९११ मध्ये, एकटाच ओरोव्हिल गावात येऊन पोचला. विद्यापीठाच्या मानववंशशास्त्रज्ञांनी त्याला आपल्या संग्रहालयात आणले. स्वतःचे नाव त्याने कधी सांगितले नाही. 'इशी' म्हणजे नुसते 'माणूस'. संग्रहालय महाविद्यालयाच्या शेजारीच. पोप आधी त्याचे डॉक्टर झाले, मग मित्र, मग धनुर्विद्येतले शिष्य. हा शेवटचा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. पोपनी मोजमाप आणले, पण मोजण्याजोगी विद्या इशीची होती.

धारेची एवढी चिकित्सा कशासाठी? बंदुकीची गोळी आघाताने मारते. बाण सावकाश असतो. पोपच्या मोजणीत ६५ पौंडी धनुष्याचा बाण सेकंदाला सुमारे १२० फूट जात होता. एवढ्याशा वेगात आघाताचे बळ कुठून येणार? तो मारतो तो रक्तवाहिन्या कापून. बोथट फाळ वाहिनीला बाजूला ढकलून पुढे सरकतो, आणि जखमी जनावर रानात तडफडत मरते. म्हणून फाळाला धार लावणे हा शिकाऱ्याच्या हौसेचा भाग नाही, ते त्याचे कर्तव्य आहे. आजचे शिकारी धनुर्धर फाळाच्या कडेने ताणलेला रबरबँड कापून पाहतात, कागद चिरून पाहतात. पोपच्या पेटीने तोच प्रश्न अधिक कसोशीने विचारला होता.

काच पुढे का गेली, याचे पोपनी दिलेले उत्तर साधे होते. इशी काचेवर टोकदार हत्याराने दाब देऊन एकेक कपची उडवी. कपची निघाली की मागे शिंपल्यासारखी खोलगट खूण राहते आणि अशा खुणा ओळीने पडल्या की कड दातेरी होते. पाव कापायची दातेरी सुरी ज्या तत्त्वाने चालते, त्याच तत्त्वाने हा फाळ चालतो, असे पोप म्हणत. भातकापणीचा दातेरी विळा ज्याने हातात धरला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. शिवाय फुटलेल्या काचेची कड मुळातच कमालीची पातळ असते. बाटलीची काच मिळाली तरी इशी तिचे तितकेच सुबक फाळ करी.

पण धार म्हणजे अर्धीच गोष्ट. रुंद पाते मांसात जे करते ते हवेतही करू पाहते. बाणाच्या मागच्या पिसांवर हवेचा दाब पडतो म्हणून बाण सरळ राहतो. पुढचे पाते हीसुद्धा एक प्रकारची पिसेच, फक्त चुकीच्या टोकाला बसवलेली. फाळ किंचित वाकडा बसला तर हवा त्याला धरून बाणाला भलतीकडे नेते. म्हणून तयार बाण टोकावर उभा करून भोवऱ्यासारखा फिरवतात. जोड थरथरला की फाळ काढून पुन्हा बसवायचा. बाणाची काडीही तितकीच सरळ हवी, आणि त्यासाठी इशीकडे नजर होती. ती डोळ्यासमोर धरून तो बाक हेरी, तेवढाच भाग निखाऱ्यांजवळ तापवी आणि दाबून सरळ करी.

पोपनी चिलखतावरही बाण सोडला. संग्रहालयातले पंधराव्या शतकातले, कड्यांचे चिलखत त्यांनी मागून घेतले. तिथला एक सेवक ते अंगात घालून समोर उभा राहायला तयार होता! पोपनी नकार दिला आणि चिलखत लाकडी पेटीवर चढवले. सात यार्डांवरून सोडलेला अणकुचीदार पोलादी बाण ठिणग्या उडवत कड्यांतून आणि लाकडातून पार गेला. ते पाहून सेवकाचा चेहरा फिकट हिरवा पडला. पण इथे रुंद पाते लावले असते तर ते कड्यांवरच अडले असते. फाळाचा गुण त्याच्यापुढे काय आहे यावर ठरतो, हे पोपनी अशा एकेका प्रयोगातून पाहिले.

२५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयाने गेला. दहनापूर्वी त्याच्या शवपेटीत मित्रांनी त्याचे धनुष्य ठेवले, पाच बाण ठेवले, ओकच्या फळांच्या पिठाची टोपली ठेवली, आणि ऑब्सिडियनच्या काही कपच्या.