किरणोपचार कोणासाठी?
बेसल सेल हा त्वचेचा कर्करोग बहुधा उन्हात उघड्या राहणाऱ्या चेहऱ्यावर होतो. त्यावर पहिला उपाय शस्त्रक्रियाच. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत ३४७ रुग्ण होते. चार वर्षांत शस्त्रक्रियेला ०.७ टक्के, तर किरणोपचाराला ७.५ टक्के अपयश आले. मग किरणे कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण याच आकड्यांवरून दिसते की, किरणोपचारानेही दहांतील नवांहून अधिक रुग्णांचा आजार आटोक्यात राहिला. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वृद्धांना, किंवा नाक-पापणीचा मोठा भाग कापावा लागणार असेल तेव्हा, हा पर्याय मोलाचा ठरतो. तरुणांत मात्र तो शक्यतो टाळतात, कारण किरणांमुळे पुढे नवा कर्करोग उद्भवू शकतो. म्हणून वय, गाठीची जागा आणि प्रकृती ध्यानात घेऊन डॉक्टरांशी दोन्ही उपचारांबद्दल मोकळेपणाने बोला.