दोह्यातली नोकरी आणि कोकणातली जमीन

कतारमध्ये कितीही वर्षं काढली तरी एक दिवस परतायचं आहे, हे तिथल्या मराठी कुटुंबांना पहिल्यापासून ठाऊक असतं. अमेरिकेत किंवा कॅनडात गेलेला माणूस हळूहळू तिथलाच होतो. आखातात तसं घडत नाही. निवासाचा परवाना बहुतेकांच्या बाबतीत नोकरीला बांधलेला असतो आणि नागरिकत्वाचा विचारही कुणी करत नाही. म्हणून तिथली बचत घराकडे वळते, आणि घराच्या कल्पनेत बहुधा गाव असतं. गुहागर, देवगड किंवा सावंतवाडीकडची एखादी वाडी, वीसेक गुंठे जागा, चार माड, विहीर, चिऱ्याचं घर. ही इच्छा मनापासूनची आहे, म्हणूनच तिच्या आड येणारा कायदा आधी नीट समजून घ्यायला हवा.

कतारमध्ये परक्या माणसाला घर घेताच येत नाही, असं मात्र नाही. २०१८ च्या १६ क्रमांकाच्या कायद्याने ती वाट रुंद केली. त्याखाली २०२० मध्ये नऊ भागांत पूर्ण मालकी आणि सोळा भागांत ९९ वर्षांचा वापराचा हक्क खुला झाला. पर्ल आणि लुसैल ही त्यांतली माहितीची नावं. ७ लाख ३० हजार रियालच्या पुढची मालमत्ता घेतली तर निवासाचा परवानाही मिळू शकतो. पण हा बहुतांश बहुमजली इमारतींचा मामला आहे. कतारमधलं शांत गाव पाहायचं तर उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या अल जुमैलसारख्या ठिकाणी जावं लागतं. मोती आणि मासळीवर जगणारी तिथली वस्ती कधीच उठून गेली. आता पडक्या भिंती आणि मशिदीचा मिनार उरलाय. तिथे राहायला कुणी जात नाही.

मग कोकण. इथे पहिला धक्का बसतो तो परकीय चलनाच्या कायद्याचा, म्हणजे फेमाचा. २०१९ च्या नियमांनुसार अनिवासी भारतीयाला भारतात घर, सदनिका, दुकान, बिगरशेती भूखंड घेता येतो. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन विकत घेता येत नाही. पासपोर्ट भारतीय, जन्म शेतकऱ्याच्या घरचा, सातबाऱ्यावर वडिलांचं नाव, तरीही नाही. राज्याच्या १९४८ च्या कुळकायद्यातलं ६३ वं कलम विचारतं, तुम्ही शेतकरी आहात का? फेमा विचारतो, तुम्ही राहता कुठे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असलं तरी दुसऱ्यावर व्यवहार अडतो. आणि नोकरीसाठी देश सोडला की माणूस या कायद्याच्या नजरेत त्या दिवसापासून अनिवासी ठरतो.

फसगत होते ती पुढे. दस्त नोंदला गेला, फेरफार झाला, सातबाऱ्यावर नाव चढलं, म्हणजे सगळं रीतसर झालं असं वाटतं. पण नोंदणी झाली म्हणून फेमाचा भंग धुतला जात नाही. व्यवहारातल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद त्या कायद्यात आहे, मालमत्ता जप्तही होऊ शकते. एजंट हे सांगत नाही. त्याचा उपाय तयार असतो: ‘भावाच्या नावावर घ्या.’ पैसा तुमचा, लाभ तुमचा, नाव एकट्या भावाचं, असा व्यवहार बेनामी कायद्यात बसतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याला एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या पाव हिश्शापर्यंत दंड आहे. भावाला खरोखर मदत म्हणून पैसे देणं वेगळं. मग ती जमीन भावाची, हे मनापासून मान्य असायला हवं. भावाभावांतले कितीतरी तंटे याच धूसर जागेतून उठतात.

बालीच्या भातखाचरांशेजारी घर शोधणारे परदेशी लोकही नेमके इथेच अडकतात. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी फक्त तिथल्या नागरिकाला. मग कुणा ओळखीच्या बालीवासीयाच्या नावावर जमीन घेतली जाते, आणि तंटा न्यायालयात गेला की कागद टिकत नाही. सरळ मार्ग ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याचा किंवा वापराच्या हक्काचा. हे कायदे बाहेरून येणाऱ्याला जाचक वाटतात, ते स्वाभाविक आहे. पण रियालमध्ये कमावणाऱ्याशी वाडीतला शेतकरी बोली लावू शकत नाही, आणि जमीन कसणाऱ्याकडे राहावी हा आग्रह मला योग्यच वाटतो.

मग काय घ्यावं? माझं मत स्पष्ट आहे: गावठाणातलं घर. ती शेतजमीन नव्हे, त्यामुळे फेमाची आडकाठी नाही. कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा, आणि स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत मिळकत पत्रिका. शेजार असतो, रस्ता असतो. नाहीतर बिगरशेती भूखंड, पण बिगरशेतीचा आदेश मूळ प्रतीत वाचून. ‘पाच गुंठ्यांचा फार्म प्लॉट’ अशा जाहिरातींपासून दूर राहिलेलं बरं. २०२३ पासून शेतजमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला वीस आणि बागायतीला दहा गुंठे आहे. त्याहून लहान तुकडे विकणारा अनेकदा सामाईक सातबाऱ्यात पाचपन्नास नावं घुसवत असतो.

पैसे बँकेतूनच यायला हवेत, अनिवासी खात्यातून. रोख रियाल चालत नाहीत. स्वतः येता येत नसेल तर मुखत्यारपत्र दोह्यातल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून पाठवावं, आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा. मजकुरात ‘सर्व अधिकार’ न देता एकच मिळकत, एकच काम लिहावं.

गाव पाहायला मात्र स्वतःच जावं, आणि मे महिन्यात. गणपतीत कोकण पाहून भुललेले लोक पुष्कळ. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथेच एप्रिल-मे मध्ये टँकर फिरतात. जांभ्या दगडात पाणी ठरत नाही. विहीर उन्हाळ्यात किती उतरते ते शेजारणीला विचारावं. घरापर्यंतची पाणंद कुणाच्या जमिनीतून जाते, गडग्यापलीकडे वहिवाट कुणाची, आंबे कोण उतरवतं, हे गावात चार दिवस राहिल्याशिवाय कळत नाही. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त कुळाचं नाव असेल तर वकील गाठावा. आंबोली, चौकुळ, गेळे ही थंड हवेची देखणी गावं. पण तिथला कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे गावकऱ्यांकडे सामाईक असलेल्या जमिनींचा प्रश्न पिढ्यान् पिढ्या रखडलेला, हे माहीत असूनच तिथे पाऊल टाकावं.

आणि शेतीच करायची असेल तर? कायमचं परतून भारतात राहू लागलं की माणूस पुन्हा निवासी होतो, आणि शेतकरी कुटुंबातल्याला जमीन घेण्याची वाट मोकळी होते. दोहावासीयाला आज ना उद्या परतायचंच असतं. त्याला थांबणं परवडतं. तोवर वडिलोपार्जित जमिनीकडे पाहावं. वारशाने आलेली शेतजमीन अनिवासी असतानाही ठेवता येते. अनेक घरांत आजोबांचं नाव अजून सातबाऱ्यावर आहे, मुंबईतले आणि गावचे वारस मिळून वीसेक होतात आणि वाटप झालेलं नाही. वारशाने मिळालेला हक्क तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचा असतो. ते राहून गेलं असेल तर ई-हक्क प्रणालीवर वारसनोंदीचा अर्ज करता येतो. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं लागतात. चुलत्यांपैकी जी माणसं वंशावळ सांगू शकतात ती ऐंशीच्या पुढे गेलेली असतील, तर त्यांना फोन याच शुक्रवारी करावा.