पौलाची वर्गणी आणि ख्रिस्ती दानाचा अर्थ

ख्रिस्ती जीवनातील दानाची चर्चा बहुधा दशमांशापासून, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला देण्याच्या जुन्या करारातील नियमापासून सुरू होते. परंतु नव्या करारात दानाचे सर्वांत सविस्तर विवेचन ज्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत येते, तेथे दशमांशाचा उल्लेखही नाही. इसवी सन 55-56 च्या सुमाराच्या या मजकुराला निमित्त झाले ते यरुशलेममधील गरीब ख्रिस्ती बांधवांसाठी संत पौल गोळा करीत असलेल्या वर्गणीचे.

यरुशलेमची मंडळी, म्हणजे तेथील ख्रिस्ती समुदाय, यहुदी समाजातून आलेली होती, तर मासेदोनिया व करिंथ येथील मंडळ्यांत यहुदीतरांचा भरणा होता. ज्यांच्याकडून श्रद्धेचा वारसा मिळाला त्यांची ऐहिक गरज भागविणे हे यहुदीतरांवरील ऋणच आहे, असे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. त्यामुळे या वर्गणीत दाता श्रेष्ठ आणि घेणारा उपकृत अशी उतरंड उरत नाही. दोघेही एकमेकांचे देणेकरी ठरतात.

करिंथकरांना पौल उदाहरण देतो ते धनवंतांचे नव्हे, तर स्वतः हलाखीत असूनही ऐपतीपलीकडे देणाऱ्या मासेदोनियातील मंडळ्यांचे. तरीही दुसऱ्याला सुख मिळावे म्हणून देणाऱ्याने कंगाल व्हावे, असे त्याचे म्हणणे नाही. त्याला अभिप्रेत असलेली कसोटी समतेची आहे: आज एकाजवळ असलेल्या विपुलतेने दुसऱ्याची उणीव भरून निघावी आणि उद्या प्रसंग उलटला तर मदतीची दिशाही उलटावी. यासाठी तो मान्नाचा, म्हणजे रानात इस्राएल लोकांना रोज मिळणाऱ्या अन्नाचा, दाखला देतो. ते जास्त गोळा करणाऱ्याला उरले नाही आणि कमी गोळा करणाऱ्याला कमी पडले नाही.

या विचाराला व्यवहाराची चोख जोड होती. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी धावपळ होणार नाही, अशी सूचना पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातच केली होती. रक्कम मोठी असल्याने कोणी बोट दाखवू नये म्हणून आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला प्रतिनिधीही त्याने या कामी पाठविला. देवासमोर प्रामाणिक असणे पुरेसे नाही, माणसांसमोरही हिशेब स्वच्छ दिसला पाहिजे, हा त्यामागील आग्रह होता. पुढे दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरने रविवारच्या उपासनेतील वर्गणीचे वर्णन केले असून, ती मंडळीच्या प्रमुखाकडे जमा होऊन अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परक्या ठिकाणच्या लोकांसाठी खर्च होई, असे तो सांगतो.

नियमित, ऐपतीनुसार आणि समुदायाच्या हाती सोपविलेले दान आजही पाहायचे असेल तर मिझोरामकडे पाहावे लागते. तेथील ख्रिस्ती घरांत स्वयंपाकासाठी तांदूळ काढताना एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकली जाते; या ‘बुहफाई थाम’ प्रथेचा आरंभ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, रोकड दुर्मीळ असलेल्या काळात, स्त्रियांच्या पुढाकाराने झाला. साठलेला तांदूळ गोळा करून विकला जातो आणि येणारा पैसा चर्चच्या कार्याला लागतो. हाती नाणे नसलेल्या गृहिणीलाही त्यामुळे दात्याचे स्थान मिळाले.

जो सढळ हाताने पेरतो तो सढळपणे कापणी करील, या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायातील पौलाच्या विधानाचा अर्थ काही उपदेशक देवाला दिलेला पैसा दामदुपटीने परत मिळेल, असा लावतात. परंतु त्याच अध्यायात पुढे, देव विपुलता देतो ती सर्व प्रकारच्या औदार्यासाठी, असे स्पष्ट केलेले आहे. मिळालेले पीक पुन्हा वाटण्यासाठीच असेल, तर दानाकडे गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्या शिकवणीला या पत्रात आधार सापडत नाही.