आज कोणाबरोबर जेवलीस?

जून-जुलै महिना आला की एस.टी. स्टँडवर एक ओळखीचं दृश्य दिसतं. पायाशी बॅग आणि मांडीवर लाडवांचा डबा घेऊन एखादी मुलगी खिडकीत बसलेली असते. खाली उभे असलेले आईवडील पुन्हा पुन्हा तेच सांगत असतात, ‘पोचलीस की कळव, वेळेवर जेव.’ मुलगी मान डोलावते. गाडी सुटते. तिची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

१९९६ साली मी अशीच खिडकीत बसले होते.

त्याआधी बी.ए.साठी मी लातूरला खोली घेऊन राहिले होते. पण आपण घरापासून दूर आहोत, असं तेव्हा कधी वाटलंच नाही. कारण रोज सकाळच्या एस.टी.ने गावाहून आईचा डबा यायचा. डब्यावर ऑइलपेंटने माझं नाव लिहिलेलं होतं. आजूबाजूच्या खेड्यांतली आम्ही वीस-पंचवीस मुलंमुली स्टँडवर गाडीची वाट बघत उभी असायचो. भरलेले डबे उतरवून घ्यायचे, कालचे रिकामे चढवायचे आणि कुणाकडे काय भाजी आली याची चौकशी करत एकत्रच परतायचं.

मग एम.ए.साठी पुण्याला आले. तीनशेहून अधिक किलोमीटर एस.टी.ने रोज डबा कसा येणार? कॉट बेसिसवर जागा मिळाली. खोलीत आणखी दोघी होत्या. जेवणाची सोय एका खाणावळीत.

‘मी मजेत आहे’

पहिल्याच आठवड्यात वर्गात काहीतरी विचारलं गेलं आणि माझ्या तोंडून सहज लातूरकडचं ‘येऊलाले’ निघून गेलं. सगळा वर्ग हसला. त्यात वाईट हेतू नसेलही; पण त्या दिवसापासून मी वर्गात तोंड उघडलं नाही. अर्थशास्त्राची पुस्तकं इंग्रजीत. एकेक पान शब्दकोश घेऊन वाचायचं. खाणावळीत गर्दी ओसरल्यावर जायचं, कोपऱ्यातलं टेबल धरायचं आणि पाच मिनिटांत उठायचं. महिना संपत आला की रात्रीचं जेवण मी टाळू लागले.

घरी मात्र दर आठवड्याला निळं अंतर्देशीय पत्र जायचं. ‘मी मजेत आहे. काळजी करू नये.’ वडील ते आईला वाचून दाखवत. आईला अक्षरओळख नव्हती.

दिवाळीला घरी गेले ती वळकटी घेऊनच. परत जाणार नाही, असं वडिलांना सांगून टाकलं. त्यांनी कारणं विचारली. मी इंग्रजीचं सांगितलं, खर्चाचं सांगितलं. आई चुलीपुढे बसून ऐकत होती. तिने एकच विचारलं, ‘‘जेवताना संगं कोन असतंय गं?’’

‘‘कोणी नाही,’’ म्हणताना मला रडू फुटलं.

वडील एवढंच म्हणाले, ‘‘परीक्षेपर्यंत राहून बघ. नाहीच जमलं तर मी स्वतः येऊन तुला घेऊन जाईन. घरात कोणी बोल लावणार नाही.’’ आईने कडक भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीच्या तीन पुरचुंड्या बांधल्या. ‘‘एक तुजी, दोन त्या पोरींच्या.’’

परतीचा रस्ता मोकळा आहे हे कळल्यावर पुण्याला जाणं सोपं झालं. पहिल्या रात्री खोलीत चटणी सोडली. रत्नागिरीची मुलगी दोन घास खाऊन म्हणाली, ‘‘मी पण रोज रडते. तू झोपल्यावर.’’ तीन महिने आम्ही एकाच खोलीत, एकमेकींपासून लपून रडत होतो! त्यानंतर आम्ही तिघी खाणावळीत एकत्र जाऊ लागलो. वर्गातल्या सरांना धीर करून भेटले, तेव्हा समजलं की पेपर मराठीतूनही लिहिता येतात. हे विचारायलाही आधी तोंड उघडावं लागतं.

सोबतीचं मोल

घरापासून दूर शिकणाऱ्यांना छपराबरोबर सोबतही लागते, हे आपल्याकडच्या थोरांनी फार पूर्वी ओळखलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपलं मंगळसूत्रही विकलं.

आज मोबाइलवर मूल समोर दिसतं. पण ‘मी मजेत आहे’ हे वाक्य बदललेलं नाही. म्हणून फोनवर मार्कांची चौकशी जरा मागे ठेवा. मैत्रिणींची नावं विचारा. सुरुवातीच्या महिन्यांत एकदा तरी स्वतः जाऊन खोली बघून या. रॅगिंगचा त्रास असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार ती कारवाईची बाब आहे. मुलाला गप्प बसायला सांगू नका. मन फारच खचलं असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

माझी मुलगी गेल्या वर्षी बंगळुरूला शिकायला गेली. रात्री फोन आला की मी आईचाच प्रश्न विचारते, ‘‘आज कोणाबरोबर जेवलीस?’’ पहिले काही आठवडे ती उत्तर टाळायची. आता एका दमात चार नावं सांगते. त्यातलं एक दर वेळी नवं असतं.